उतरत्या फळीचे गणित
अमेरिकेत शेतावर वा रानात वापरावयाची, रुंद टायरांची छोटी चारचाकी ‘एटीव्ही’ पिकअप ट्रकमध्ये चढविण्यासाठी उतरत्या फळ्या लावतात. ट्रकचा तळ जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असल्यास १८० सेंटिमीटर लांबीच्या फळीवर, घर्षण वगळता, गाडीच्या वजनाच्या निम्मे बल लागते. २७० सेंटिमीटरच्या फळीवर केवळ एक-तृतीयांश. चढ तीव्र असेल तर गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा मागील चाकांकडे सरकते आणि गाडी चालकावर उलटू शकते. शिवाय चाके गाडीला पुढे रेटताना फळीला मागे रेटतात. हा न्यूटनचा तिसरा नियम होय. म्हणून फळ्या पट्ट्यांनी ट्रकला घट्ट बांधाव्यात. त्यांची भारक्षमता गाडी, चालक व सामान यांच्या एकत्रित वजनाहून अधिक असावी. लांब फळी जागा अडविते खरी. परंतु चालकाचे प्राण राखते.