हद्द शहराची, कायदा देशाचा : शिकारीविषयीचे काही गैरसमज

१९९२ साली सोलापूरची हद्दवाढ झाली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरांचे हे गिरण्यांचे शहर बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे इत्यादी गावांची माळराने व शेतशिवारे सामावून घेत सुमारे १७८ चौरस किलोमीटरांपर्यंत विस्तारले, तेव्हा त्या माळांवरचे ससे, तित्तर, घोरपडी व मुंगुसे हेही आपसूक शहराचे रहिवासी झाले. त्यांच्या शिकारीविषयी मात्र अनेक चुकीच्या समजुती सुशिक्षितांतही रूढ आहेत. त्यांचे निरसन करणे अगत्याचे वाटते.

गैरसमज : शहरातील शिकारीचा बंदोबस्त महानगरपालिकेकडे असून वनखात्याचा अंमल जंगलापुरताच चालतो.

वस्तुस्थिती : या समजुतीला जुना आधार आहे. १८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात पक्ष्यांच्या विक्रीस आपापल्या हद्दीत मनाई करण्याचा अधिकार नगरपालिका व छावणी अधिकाऱ्यांना खरोखरच दिला होता, आणि १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यातही परवान्याने शिकार करण्यास वाव होता. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ही व्यवस्था पालटली. त्याच्या नवव्या कलमाने अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस जी मनाई केली, ती जंगल, गावठाण, गिरणीचे आवार अथवा घराची गच्ची असा कोणताही भेद मानीत नाही. नगरपालिकेची हद्द जमिनीला असते. संरक्षण प्राण्याला असून ते त्याच्याबरोबर सर्वत्र जाते.

गैरसमज : शिकार म्हणजे बंदुकीने ठार मारणे, गलोल, फासे अथवा छऱ्याची बंदूक हा मुलांचा खेळ होय.

वस्तुस्थिती : अधिनियमातील व्याख्येप्रमाणे मारणे, विष घालणे, पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे व यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, इतकेच नव्हे तर पक्ष्याची अंडी वा घरटे यांची नासधूस करणे, हे सर्व शिकारच आहे. कमी शक्तीच्या छऱ्याच्या बंदुकीस शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून कंबर तलावाच्या काठी तिने पाणकोंबडी टिपण्याची मुभा मिळत नाही.

गैरसमज : बंदुकीचा परवाना असलेल्यास शिकारीचा हक्क पोचतो.

वस्तुस्थिती : १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवाना शस्त्र बाळगण्यापुरता असतो. उलट, १९७९ साली घोषित झालेल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या क्षेत्रात आणि त्याच्या सभोवती दहा किलोमीटरांत राहणाऱ्या परवानाधारकांवर आपल्या शस्त्राची वेगळी नोंद करून घेण्याचे बंधन वन्यजीव अधिनियमानेच घातले आहे.

गैरसमज : संरक्षण माळढोक, काळवीट, लांडगा अशा दुर्मीळांनाच आहे, कावळे, वटवाघळे तर उपद्रवी ठरलेली आहेत.

वस्तुस्थिती : उपद्रवी प्राण्यांची पाचवी अनुसूची पूर्वी होती व तीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर यांची नावे होती, मात्र २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ती अनुसूचीच रद्द झाली. आता दुसऱ्या अनुसूचीतील एखाद्या वन्यप्राण्यास उपद्रवी ठरवावयाचे तर केंद्र सरकारने विशिष्ट क्षेत्रापुरती व विशिष्ट मुदतीपुरती अधिसूचना काढावी लागते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

गैरसमज : घरात साप निघाला वा रानडुकराने पीक तुडवले, तर मारण्यास कोणाची आडकाठी नाही.

वस्तुस्थिती : प्राण संकटात असता सद्हेतूने स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणार्थ केलेली कृती अपराध नव्हे, हे अकराव्या कलमात स्पष्ट आहे; पण तशा प्रसंगी मेलेला प्राणीही सरकारच्या मालकीचा होतो. पिकाच्या नासाडीबाबत वनाधिकाऱ्यांच्या लेखी हुकमावाचून हत्यार उचलता येत नाही. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

गैरसमज : शिकार करतात ते पारधी, इतरांचा तिच्याशी संबंध काय?

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत अन्यायाचा आहे. पारधी, कैकाडी इत्यादी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याने याच सोलापुरात त्यांना सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड डांबले होते. १९५२ साली तो कायदा गेला, तरी संशय गेला नाही. आजचा कायदा जात पाहत नाही, कृत्य पाहतो; हौसेखातर मोटारीतून माळावर जाऊन ससा टिपणारा शहरी गृहस्थ आणि पोटासाठी तित्तराला फासे लावणारा माणूस त्याच्यासमोर सारखेच जबाबदार आहेत. म्हणून शिकारीस आळा घालण्याचे काम वनरक्षक व फौजदार यांच्यावर सोपवून शहरवासीयाला मोकळे होता येणार नाही. आपल्या वस्तीतील गलोल, पिंजरा व फासे यांना प्रथम त्यानेच मज्जाव केला पाहिजे.