बघणं फुकट, दुरुस्ती विकत

१९९६ साली विंडोज एनटीचा सर्व्हर बूट होईनासा झाला, की सिस्टिम ॲडमिनची मोठी पंचाईत व्हायची. डिस्क धडधाकट, सगळ्या फायली जागच्या जागी, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट बंद. डॉसची फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं, तरी एनटीएफएस पद्धतीनं मांडलेली डिस्क डॉसला ओळखताच येत नसे. मग त्याच मशीनवर एनटीची दुसरी प्रत टाकायची आणि तिच्यातून जुन्या फायली गाठायच्या, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. नाहीतर सरळ फॉरमॅट मारायचा.

या कोंडीवर मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी उपाय काढला. दोघांची ओळख पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली. ‘एनटीएफएसडॉस’ या त्यांच्या छोट्या प्रोग्रॅमची युक्ती अशी, की एनटीएफएसची डिस्क ही जणू नेटवर्कवरची डिस्क आहे असं तो डॉसला भासवायचा. डॉस बिनतक्रार तिला एक ड्राइव्ह लेटर देई आणि अडकलेल्या फायली कॉपी करून घेता येत. हा प्रोग्रॅम फुकट होता, पण तो डिस्क फक्त वाचायचा. तिच्यावर लिहायचं असेल, म्हणजे बिघडलेली फाइल बदलून मशीन पुन्हा उभं करायचं असेल, तर पुढे आलेली ‘प्रोफेशनल’ आवृत्ती विकत घ्यावी लागे.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातली विंटरनल्स सॉफ्टवेअर ही त्यांची कंपनी पुढची दहा वर्षं याच वाटणीवर चालली. मशीनच्या आत काय चाललंय ते दाखवणारी साधनं सिसइंटरनल्स या नावानं फुकट, आणि मोडलेलं मशीन दुरुस्त करणारी साधनं विंटरनल्सच्या नावानं विकत. जाहिरातीवर अफाट खर्च न करता एवढीशी कंपनी जगभरच्या ॲडमिन मंडळींच्या ओठांवर गेली, याचं श्रेय मी या वाटणीलाच देतो. फुकटच्या साधनानं ज्याची अडलेली रात्र सुटली, तो दुसऱ्या दिवशी साहेबांकडे विकतच्या साधनासाठी शब्द टाकणारच.

ही पाहण्याची ओढ पहिल्याच वर्षी विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टला झोंबणारी ठरली. एनटी ४.० दोन रूपांत मिळे: स्वस्त वर्कस्टेशन आणि त्याहून बरंच महाग सर्व्हर. रसिनोविच यांनी दाखवून दिलं, की रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या, दोन नोंदी बदलल्या की वर्कस्टेशन स्वतःला सर्व्हर समजू लागतं. त्या नोंदींना कुणी हात लावू नये म्हणून आत एक पहारेकरी थ्रेड सतत फिरत असे. तोही त्यांनी शोधून काढला. विंडोजचा सोर्स कोड हाताशी नसताना, यंत्रभाषेतल्या सूचना एकेक करून वाचत जाण्याचं हे काम. त्याला लागणारी चिकाटी बाहेरून कळत नाही.

फुकट साधनांत माझा जीव सगळ्यात जास्त फाइलमॉनवर. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक ड्रायव्हर बसवून तो प्रत्येक प्रोग्रॅमची प्रत्येक फाइलशी होणारी देवघेव टिपायचा: कोणी मागितली, कोणती मागितली, मिळाली की नाही. रजिस्ट्रीसाठी हेच काम रेगमॉन करी. समजा, हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर मालकाच्या लॉगिनमध्ये बिनबोभाट चालतं आणि कारकुनाच्या लॉगिनमध्ये ‘अननोन एरर’ म्हणून बंद पडतं. फाइलमॉन लावला, की शेकडो ओळींत एकच ओळ वेगळी दिसे: अमुक फोल्डरमध्ये लिहायला गेला, ‘ॲक्सेस डिनाइड’. त्या फोल्डरची परवानगी दिली की काम फत्ते. अंदाजानं विंडोज पुन्हा टाकण्यात जे दिवस जायचे, ते अशा एका ओळीनं वाचत. ‘फाइल वापरात आहे’ म्हणून डिलीट होत नसेल, तर ती नेमकी कोणी धरून ठेवलीय हे प्रोसेस एक्सप्लोरर सांगे. मशीन सुरू होताना गुपचूप काय काय जागं होतं, त्याची यादी ऑटोरन्स देई. पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसांच्या दिवसांत तर या यादीला पर्याय नव्हता.

विकतच्या मालात ईआरडी कमांडर मानाचा. सीडीवरून बूट करायचं, ओळखीच्या विंडोजसारखा पडदा समोर येई आणि मेलेल्या मशीनची रजिस्ट्री, सेवा, विसरलेला ॲडमिनचा पासवर्डसुद्धा तिथून बदलता येई. ‘रिमोट रिकव्हर’मुळे बंद पडलेल्या मशीनची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला जोडता येई.

कंपनीचं नाव ॲडमिन मंडळींच्या बाहेर गेलं ते ३१ ऑक्टोबर २००५ रोजी. विंडोजमध्ये दडून बसणारे प्रोग्रॅम, म्हणजे रूटकिट, हुडकणारं ‘रूटकिट रिव्हीलर’ हे साधन रसिनोविच स्वतःच्या मशीनवर तपासत होते. तिथेच एक रूटकिट सापडलं. माग काढत गेल्यावर ते व्हॅन झँट यांच्या गाण्यांच्या, सोनी बीएमजीनं काढलेल्या सीडीपाशी पोहोचले. गाण्यांची कॉपी होऊ नये म्हणून सीडीतलं सॉफ्टवेअर स्वतःला मशीनमध्ये लपवत होतं. ‘$’ चिन्ह, त्यापुढे ‘सिस’ आणि पुन्हा ‘$’, अशी ज्या फाइलच्या नावाची सुरुवात, ती फाइल वापरणाऱ्याला दिसायचीच नाही. मग ती सोनीची असो की उद्या येणाऱ्या एखाद्या व्हायरसची. त्यांनी ते हातानं उपटून काढलं, तर मशीनमधला सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. त्यांनी ही सगळी तपासणी पायरीपायरीनं, पडद्याच्या चित्रांसह लिहून जाहीर केली. त्याच नोव्हेंबरमध्ये सोनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या आणि खटलेही झाले. पैसे मोजून घेतलेल्या मशीनमध्ये काय चाललंय हे मालकाला दिसलंच पाहिजे, ही गोष्ट कुठल्याही भाषणापेक्षा त्या तपासणीनं पक्की केली, असं मला मनापासून वाटतं.

१८ जुलै २००६ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंटरनल्स विकत घेतली. रसिनोविच मायक्रोसॉफ्टमध्ये टेक्निकल फेलो झाले आणि पुढे ॲझूर या तिच्या क्लाउड सेवेचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी. कंपनी गेल्याची हळहळ मला आहे, आणि ती विकतच्या साधनांसाठी. ईआरडी कमांडर मायक्रोसॉफ्टच्या ‘डार्ट’ या संचात गेला. तो संच खास करार केलेल्या ग्राहकांना मिळे. गल्लीतल्या दुरुस्ती दुकानाला किंवा पन्नास मशीनच्या शाळेला तो रीतसर घेणं अवघड झालं. काही फुकट साधनांचा सोर्स कोड आधी सर्वांना खुला होता, तोही काढून घेतला गेला.

पाहण्याची साधनं मात्र फुकटच राहिली आणि वाढली. फाइलमॉन आणि रेगमॉन एकत्र करून २००६च्या अखेरीस प्रोसेस मॉनिटर आला. २०१४ मध्ये सिसमॉन आला. कोणता प्रोग्रॅम कोणी सुरू केला, त्यानं कुठे जोडणी केली, हे तो विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये नोंदवत राहतो. हल्ला झाल्यावर घुसखोर कुठून आत आला हे शोधणारे अनेक सुरक्षा विभाग आज त्याच नोंदी उघडतात.