तिच्या आठवड्याचा जमाखर्च

मैत्रिणींनो, रविवारी सकाळी नऊ वाजता तुमच्या घरातली कॉलेजकन्या काय करत असते? उत्तर मला ठाऊक आहे. डोक्यावरून पांघरूण घेऊन ती गाढ झोपलेली असते. आणि आपण? आपण स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत असतो!

आमच्या घरी अशी एक कन्या आहे. माझ्या नणंदेची मुलगी, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पाटण तालुक्यातल्या गावाहून ती शिकायला साताऱ्याला आमच्याकडे राहिली आहे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी वन्संचा फोन आला. "काय करतेय आमची मुलगी?" त्यांनी सहज विचारलं, आणि मीही सहज बोलून गेले, "झोपल्यात महाराणी अजून! आमच्या वेळी नव्हतं बाई असलं."

बोलण्याच्या ओघात गेलेलं वाक्य. मी ते विसरूनही गेले. पण दुसऱ्या दिवशी रात्री वन्संच्या यजमानांचा फोन आला. "वहिनी, स्पष्टच बोलतो. तुमच्याकडे राहून ती झोपाच काढणार असेल, तर कशाला तुम्हाला त्रास? एक बरं स्थळ सांगून आलंय. आता दोन वर्षांवर कॉलेज सोडलं तरी पदविका मिळते म्हणे. हे वर्ष संपलं की घेऊन येतो तिला."

माझ्या पोटात धस्सच झालं. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, मला एक आठवडा द्या. मग आपण बोलू."

दुधाच्या हिशेबाची जुनी वही काढली, पुढची कोरी पानं उघडली आणि मंगळवारपासून तिच्या आठवड्याचा जमाखर्च मांडायला घेतला. आठवड्याची जमा प्रत्येकाची सारखीच, १६८ तास. राजाला एक जास्त नाही, रंकाला एक कमी नाही. प्रश्न फक्त खर्चाचा.

कॉलेज म्हणजे चार तास बसून येणं नव्हे

आपल्या वेळचं कॉलेज आठवून आपण आजच्या मुलींना मोजतो, तिथेच पहिली चूक होते. मी बी. ए. केलं तेव्हा सकाळी तीन-चार तास झाले की दिवस मोकळा असे. आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर सगळं श्रेयांकांवर चालतं. एका सत्रात एक श्रेयांक मिळवायचा तर वर्गातले पंधरा तास किंवा प्रयोगशाळेतले तीस तास भरावे लागतात. आमच्या भाचीचे या सत्राचे श्रेयांक बावीस, त्यांतले चौदा वर्गातले आणि आठ प्रयोगशाळेतले. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला चौदा तास व्याख्यानं आणि सोळा तास प्रात्यक्षिकं होतात. झाले तीस!

सकाळी साडेपाचला ती उठते. पावणेसातला घर सोडते, साडेसातला पहिलं व्याख्यान. चार दिवस साडेनऊनंतर सव्वा तास मोकळा, मग पावणेअकरापासून दुपारी पावणेतीनपर्यंत प्रयोगशाळा, तीही उभ्यानं. बुधवारी रसायनाच्या प्रयोगात रंग एका थेंबानं जास्त उतरला आणि सगळं मोजमाप पहिल्यापासून करावं लागलं, असं ती सांगत होती. मी म्हटलं, "आमची पुरणपोळी फुटली तर आम्ही दुसरी लाटतो, तसंच की!" ती हसली, पण पाय चोळतच.

प्रयोगशाळेतून सुटली की तीन ते पाच ग्रंथालयात. तिथे 'कमवा आणि शिका' योजनेत ती पुस्तकं लावते, नोंदी करते. आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दहा तास. घरी पोचते पावणेसहाला. साडेसहाला गल्लीतली दोन शाळकरी मुलं गणितासाठी येतात. त्यांचे आठवड्याला पाच तास. या पैशातून तिच्या वह्या, झेरॉक्स आणि बसचं भाडं निघतं. दोन महिने मागे वळून पाहिलं, तर तिनं घरून पैसे मागवलेले नाहीत. हे मला वही लिहीपर्यंत माहीतच नव्हतं!

रात्री नऊ ते साडेअकरा अभ्यास, प्रयोगवही, सराव. शनिवारी व्याख्यानांनंतर राष्ट्रीय सेवा योजनेचं काम तीन तास. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. यातल्या विद्यार्थ्यांनी वर्षाला १२० तास समाजाचं काम करायचं असतं.

वही काय म्हणाली?

सातव्या रात्री मी बेरीज केली. तुमच्यासमोर जशीच्या तशी ठेवते.

व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं ३० तास. मधली खोळंब्याची वेळ ५. ग्रंथालय आणि शिकवणी १५. जाणं-येणं ८. घरचा अभ्यास १८. सेवा योजना ३. घरकाम ८, म्हणजे सकाळचा केर, तिचे कपडे, माझ्याबरोबर भाजी निवडणं, वाणसामान आणणं. आंघोळ, जेवणखाण, आवराआवर १४. झोप ४५. एकूण झाले १४६.

उरले बावीस. त्यातले दहा तास मोबाइलचे, त्यातही निम्मा वेळ कॉलेजच्या सूचना नि टिपणं उतरवण्यात. शुक्रवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाचे दोन. रविवारी संध्याकाळी चौघी मैत्रिणी अजिंक्यताऱ्यावर चढल्या, कणीस खाल्लं, पावसात भिजून आल्या, त्याचे तीन. राहिलेल्या सात तासांचा हिशेब लागला नाही. मी विचारलाही नाही. माझ्या घरखर्चाच्या वहीत दर महिन्याला 'किरकोळ' म्हणून एक रक्कम असते, तिचा हिशेब मला तरी कुठे देता येतो?

आता गंमत पाहा. वर्ग, नोकरी आणि अभ्यास एवढंच धरलं तरी ६३ तास होतात. कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याची साधारण मर्यादा ४८ तासांची!

आणि झोप? सहा रात्री सहा-सहा तास आणि शनिवारची रात्र नऊ तासांची. अठराच्या पुढच्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, असं डॉक्टर मंडळी सांगतात. म्हणजे रविवारी नऊपर्यंत झोपणारी 'महाराणी' आठवडाभराचं उसनं फेडत होती. तेही पुरतं फिटत नव्हतंच.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "अहो, आणि आमचा आठवडा कोण मोजतं?" खरं आहे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि घरात पूर्णवेळ राबते. माझी बेरीज मांडली तर तीही लहान भरायची नाही. पण आपलं कुणी मोजलं नाही, म्हणून तिचंही मोजू नये, असं थोडंच आहे? उलट ज्यांच्या कष्टाची कुणी मोजदाद केली नाही, त्यांनीच दुसरीच्या कष्टाकडे आधी पाहायला हवं.

सात वार, सात घरं

वही मिटताना मला वार लावून जेवणारे विद्यार्थी आठवले. जुन्या पुण्यात गरीब मुलं अशीच शिकत. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. सात वार, सात घरं. काही माधुकरी मागत. त्यांच्या शिक्षणात त्या घरांतल्या बायकांचा हात होता, पण त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

आणि आम्ही तर साताऱ्याचे! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. निरनिराळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणासाठी पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. स्वतः कमवून शिकायचं, हा भाऊरावांचा आग्रह. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच तत्त्वावर.

एका बाईनं दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मंगळसूत्र दिलं, त्याच गावात मी घरच्या लेकीला दोन तास जास्त झोपू देऊ शकत नव्हते! मनातून लाज वाटली.

भाऊजींना फोन

मंगळवारी रात्री मी फोन लावला. आधी चूक कबूल केली. "भाऊजी, मी थट्टेत बोलले, ते चुकलं." मग वही समोर धरून एकेक ओळ वाचली. पदविकेबद्दलही बोलले. मध्येच शिक्षण सोडायची ही सोय अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी आहे, जिची गाडी रुळावर धावते आहे तिला उतरवण्यासाठी नव्हे. शिवाय एकदा सोडलेलं कॉलेज लग्नानंतर पुन्हा धरता आलेल्या किती जणी आपल्या पाहण्यात आहेत?

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, फोन कटला. मग भाऊजींचा आवाज आला, अगदी हळू. "वहिनी, मग ती जेवते कधी?"

या प्रश्नाला मात्र मला उत्तर देता येईना. कारण वहीत तेही होतं. पावणेदहाला प्रयोगवही लिहिता लिहिता डबा खायचा, त्यानंतर पावणेसहाला घरी येईपर्यंत काही नाही. आठ तास! रोज डबा भरून देणाऱ्या माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

स्थळाचा विषय भाऊजींनी पदवीपर्यंत पुढे ढकलला आहे. कायमचा मिटवला, असं मी म्हणणार नाही. पण मुलीला न्यायची भाषा थांबली.

आपल्याला काय करता येईल?

त्या आठवड्यानंतर आमच्या घरात काही बदल झाले. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते.

तिचं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं आहे. आज प्रयोगशाळा आहे की नाही, हे मला सकाळीच कळतं. त्या दिवशी संध्याकाळची कामं मी तिला सांगत नाही.

आता डबे दोन. मोठ्यात पोळी-भाजी, छोट्यात दुपारसाठी शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा भाजलेले फुटाणे आणि एखादं फळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा मूग-मटकीची उसळ, पालेभाजी यांवर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबानं त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्यानं उलट होतं.

कामं ठरवून वाटली. केर तिचा, पाणी भरणं माझ्या मुलाचं. 'जाता जाता एवढं कर गं' हे बंद केलं. ठरलेलं काम कुणालाही जड जात नाही. अभ्यासातून तीनदा उठवणारं मात्र जड जातं.

मोबाइल हातात दिसला की टोकायचं नाही, असं मी स्वतःलाच बजावलं. रात्री अकरानंतर तो बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हे तिनं आपणहून मान्य केलं. आता अर्धा तास तरी झोप वाढली आहे.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. मुलगी नातेवाइकांकडे राहते तेव्हा तिच्या आईवडिलांना ती आपल्या शब्दांतूनच दिसते. आपण थट्टेत 'आळशी' म्हणतो, 'उंडारते' म्हणतो. ऐकणारा ते खरं मानतो, आणि त्यावरून तिच्या आयुष्याचे निर्णय होतात. मुलगा नऊपर्यंत झोपला तर 'दमला असेल' म्हणतो ना आपण? मग तेच दोन शब्द मुलीच्या वाट्याला का येऊ नयेत?

वही एकदा तिच्या हाती लागली. "मामी, हे काय?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, महाराणीसकट. ती पानं उलटत राहिली आणि म्हणाली, "अजिंक्यताऱ्याचे तीन नाही, साडेतीन तास झाले होते." आणि किरकोळमधला अर्धा तास तिनं स्वतःच कमी केला!

परवाच्या रविवारी सकाळी नऊला पुन्हा वन्संचा फोन. "काय करतेय?"

"झोपलीय," मी म्हटलं. "दमलीय हो पोर. उठली की सांगते फोन करायला."

आणि हातातलं पातेलं आवाज न करता खाली ठेवलं.