बिघाडाचा माग : जुन्या मोटारीतील वीज

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोटारीच्या वायरिंगची चर्चा व्हावी, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. इतिहास, वाङ्मय, अर्थकारण हे येथले रुळलेले विषय. परंतु ज्या यंत्रात मुलाबाळांना बसवून आपण रात्री-अपरात्री घाट उतरतो, त्या यंत्रात वीज कशी खेळते आणि ती अडली तर कोठे अडली हे कसे ओळखावे, हा विषय सुजाण नागरिकाला अगदीच परका असू नये, असे आम्हांस वाटते. शिवाय या शोधात विचार करण्याची जी पद्धत लागते, ती मोटारीपुरती राहत नाही.

प्रथम जुनी मोटार म्हणजे कोणती, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे ‘जुनी गाडी’ म्हटले की फियाट किंवा अँबॅसडर डोळ्यांसमोर येते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची थांबली. बंगालमधील उत्तरपाडा येथील अँबॅसडरचा कारखाना २०१४ मध्येच बंद पडला होता. तरीही हौसेने जपलेल्या अशा गाड्या गावोगावी आहेत. नव्या मोटारीत संगणक असतो आणि यंत्र जोडले की कोठे दुखते ते तो बऱ्याच अंशी सांगतो. जुन्या मोटारीला अशी वाचा नाही. तेथे विचार आणि मोजमाप हीच दोन साधने.

नेमके येथेच आपले चुकते. गाडी सुरू होत नाही म्हणून नवी बॅटरी घेतली जाते. चार दिवसांनी पुन्हा तेच, म्हणून डायनॅमो उतरवतात. त्यानेही भागले नाही तर सेल्फ बदलतात. हजारो रुपये खर्च होतात आणि शेवटी बिघाड निघतो तो एखाद्या गंजलेल्या स्क्रूखाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार आहे. भाग बदलून पाहणे ही चिकित्सा नव्हे. ती सोडत आहे, आणि तिचे तिकीट महाग असते.

परतीची वाट

विजेचा पहिला नियम असा की ती निघाल्या ठिकाणी परत आली पाहिजे. बॅटरीच्या एका टोकातून निघून, दिव्यातून जाऊन, दुसऱ्या टोकाला पोहोचली तरच प्रवाह वाहतो. या पूर्ण फेऱ्याला मंडल म्हणतात. घरात दिव्याकडे दोन तारा जातात, हे आपण पाहतो. मोटारीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच तार दिसते. मग वीज परत कशाने येते? गाडीच्या लोखंडी अंगातून. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रत्येक दिवा, हॉर्न, मोटर सांगाड्याला टेकलेली असते. याला आपले वायरमन ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. गाडी रबरी टायरांवर उभी असते. बहुतेक गाड्यांत ऋण टोक सांगाड्याला असते. ब्रिटिश घडणीच्या अनेक जुन्या गाड्यांत मात्र धन टोक असे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

ही एका तारेची व्यवस्था काटकसरीची खरी, पण तिच्यात एक दोष आहे. तार तुटली तर डोळ्यांना दिसते. परतीची वाट बिघडली तर दिसत नाही. दिव्याच्या बुडाशी गंज चढतो, रंगारी सांध्यावर रंगाचा थर देतो, पावसाळ्यात चिखल बसतो, आणि वाट अरुंद होते. जुन्या गाडीत बिघाड शोधताना आपण येणारी वाट शंभरदा तपासतो आणि जाणारी विसरतो.

बिघाडाच्या तीन जाती

बाहेरून बिघाड शंभर प्रकारचे दिसले तरी त्यांच्या जाती तीनच. पहिली, वाट तुटणे : प्रवाह मुळीच जात नाही. दुसरी, वाट चुकणे : तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकते, प्रवाह उपकरणात न जाता जवळच्या वाटेने परततो आणि फ्यूज जातो. तिसरी, वाट अरुंद होणे : प्रवाह जातो, पण अडखळत जातो. जुन्या गाड्यांत ही तिसरी जात सर्वांत अधिक फसवी, कारण ती अर्धवट काम करते. दिवा लागतो, पण मिणमिणता. सेल्फ फिरतो, पण कण्हत.

या तिसऱ्या जातीचे गणित गेऑर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडले. त्याच्या ग्रंथाचे स्वागत थंडे झाले; लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. त्याचा नियम साधा आहे : प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार केला की तेथे किती दाब खर्च झाला ते कळते. सेल्फ दोनशे अँपिअर ओढत असेल आणि एखाद्या सांध्यात एक शतांश ओम एवढाच रोध असेल, तर त्या एका सांध्यात दोन व्होल्ट नाहीसे होतात. बाराच्या घरात दोन व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा! तोच सांधा पाच वॉटच्या दिव्याच्या वाटेत असता तर काही कळलेही नसते, कारण तो दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. म्हणून ‘दिवे लागतात, अर्थात बॅटरीची तार चांगली आहे’ हे अनुमान खोटे ठरते.

यातूनच मोजण्याचा मुख्य नियम निघतो : मोजायचे ते काम चालू असताना. नगरपालिकेच्या नळाचे उदाहरण घेऊ. नळी अर्धी चोंदलेली असली तरी तोटी बंद असताना तिच्यामागे पाण्याचा दाब पुरा असतो. तोटी उघडली की बारीक धार पडते, आणि तेव्हा नळी चोंदल्याचे समजते. तारेचे तसेच आहे. उपकरण बंद ठेवून मीटर लावला तर गंजलेली तारही पुरे बारा व्होल्ट दाखवते. उपकरण चालू करावे, आणि मग त्याच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने मीटर लावावा.

सेल्फ ‘टक्’ करून थांबतो तेव्हा

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. चावी फिरवली, ‘टक्’ असा आवाज आला आणि सेल्फ फिरलाच नाही. पुष्कळदा निदान होते : बॅटरी गेली. पण पुरावा कोठे आहे?

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलकडे जाणारी बारीक तार सोडवावी आणि तिचे टोक सांगाड्याला लागणार नाही असे ठेवावे. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने मीटर पाहावा. प्रथम बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फचा भार पडल्यावर ती दहाच्या वर टिकली तर बॅटरीला दोष देण्याचे कारण नाही. ती सहा-सातवर कोसळली तर मात्र बॅटरी रिकामी किंवा म्हातारी झाली आहे.

समजा ती टिकली. मग मीटरचे एक टोक शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवरच्या क्लँपवर लावावे. दोन्ही एकमेकांना चिकटलेली, तेव्हा तेथे जवळजवळ शून्य यायला हवे. एक-दोन व्होल्ट आले तर चोर सापडला : खुंटी आणि क्लँप यांच्यामध्ये हिरवट-पांढरी भुकटी साचली आहे. क्लँप काढून, गरम पाण्याने धुऊन, काचकागदाने घासून पुन्हा घट्ट बसवला की काम झाले. तेथे काही न आढळल्यास धन खुंटीपासून सेल्फच्या टोकापर्यंत मोजावे, आणि नंतर सेल्फच्या अंगापासून ऋण खुंटीपर्यंत. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास नुकसान चालते. ज्या बाजूला अधिक, त्या बाजूचे पुन्हा दोन भाग करावे, आणि असे करीत एका सांध्यावर यावे.

परतीच्या बाजूला एक जागा विशेष संशयाची. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, म्हणून त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. ती तुटली की सेल्फचा प्रचंड प्रवाह सापडेल त्या वाटेने, पुष्कळदा चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, परत जाऊ पाहतो. सेल्फ मारताना चोकची केबल तापू लागली तर बॅटरीच्या दुकानात न जाता बोनेट उघडून ती पट्टी पाहावी.

दिव्यांचे चमत्कार

परतीची वाट बिघडली की गाडीत भुताटकी सुरू होते. ब्रेक दाबला की पुढचे बारीक दिवे मिणमिणू लागतात, हे त्यातले नेहमीचे भूत. त्याचा उलगडा असा : मागच्या बाजूच्या एकाच बल्बमध्ये दोन तंतू असतात, ब्रेकचा मोठा आणि मागच्या दिव्याचा लहान. दोघांची परतीची वाट एकच, बल्बच्या बुडातून. ती गंजाने बंद झाली की ब्रेकचा प्रवाह मोठ्या तंतूतून येऊन अडतो, मग लहान तंतूतून उलटा वर चढतो, त्याच्या तारेने इतर बारीक दिव्यांकडे जातो आणि त्यांच्यामार्फत सांगाड्यात उतरतो. त्या दिव्याच्या बुडापासून बॅटरीच्या सांगाड्याकडील टोकापर्यंत तात्पुरती एक तार धरावी. भूत पळाले तर निदान पक्के. औषध म्हणजे काचकागदाचा एक तुकडा.

हेडलाइटचे प्रकरण अधिक गंभीर आहे. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून पुष्कळ वेगाने घटतो. बाराऐवजी दहाच व्होल्ट पोहोचले तर प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. वाटेतल्या चार जुन्या सांध्यांनी अर्धा-अर्धा व्होल्ट खाल्ला की हे घडते. अंधाऱ्या रस्त्यावर बैलगाडी वेळेवर दिसणे न दिसणे त्यावर अवलंबून असते.

रात्रीची गळती आणि जळणारा फ्यूज

संध्याकाळी भरलेली बॅटरी दोन-तीन दिवसांत आपोआप रिकामी होत असेल, तर कोठेतरी गळती आहे. डिकीतला पाच वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला तर पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत संपवतो. सर्व बटणे बंद करून, दारे लावून, बॅटरीचे सांगाड्याकडील टोक सोडवावे आणि त्या टोकात व खुंटीत एक लहान बल्ब जोडावा. जुन्या साध्या गाडीत, घड्याळ सोडले तर, काहीच चालू नसते. बल्ब पेटता कामा नये. पेटला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या शाखेत गळती. एकाही फ्यूजला विझला नाही, तर फ्यूजबाहेरचे मंडल पाहावे. डायनॅमोच्या कट-आउटचे स्पर्शबिंदू चिकटून राहिले असतील, तर बॅटरी रात्रभर डायनॅमोतच रिकामी होते.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर नवे घालून पैसे जाळू नयेत. फ्यूजच्या जागी एकवीस वॉटचा बल्ब लावावा. तार कोठे टेकली असेल तर तो लख्ख पेटतो, आणि पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ देत नाही. मग त्या शाखेतील उपकरणे एकेक सोडवावी, तारांचा जुडगा हळूहळू हलवावा. बल्ब मंदावला किंवा विझला, तेथे शोध संपला. परंतु फ्यूजच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालण्याची जी रीत आहे, ती सोडलीच पाहिजे. प्रवाह दुप्पट झाला की तारेत उष्णता चौपट होते. फ्यूज जळायचा नाही असे ठरवले, की तार जळते, आणि तारेच्या शेजारी पेट्रोलची नळी असते.

काम करताना हातातली अंगठी आणि धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवावा. बॅटरी सोडवताना सांगाड्याचे टोक प्रथम काढावे आणि शेवटी जोडावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तेथे ठिणगी नको. अल्टरनेटर असलेल्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून ‘चार्जिंग पाहण्याचा’ जुना खेळ करू नये. त्यातले डायोड जळतात. त्यापेक्षा इंजिन जरा वेगाने चालवून बॅटरीवर मीटर लावावा. बारा व्होल्टच्या गाडीत चौदाच्या आसपास दाब दिसला की चार्जिंग ठीक समजावे.

प्रत्येकाने स्वतः बोनेटखाली शिरावे, असा आमचा आग्रह नाही. वायरमन आपले काम जाणतो. मात्र त्याने ‘अमुक भाग गेला’ असे म्हटल्यावर आपण नम्रपणे एक प्रश्न विचारावा : “कोठे मोजलेत, आणि किती निघाले?” चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट पारखी गिऱ्हाईक भेटल्याचा आनंद होतो. ज्याला मोजायची सवय नाही, त्यालाही ती या प्रश्नाने लागते. अंदाज करावा, पण तो मापाने तपासावा. मोठा प्रश्न निम्मानिम्मा करीत लहान करावा. आणि संशयावरून कोणालाही, मग ती बॅटरी का असेना, शिक्षा करू नये. एवढे पथ्य पाळले तर जुनी गाडी पुष्कळ वर्षे साथ देईल, आणि घाटातल्या रात्री तिचे दिवेही पुरेसे उजळ असतील.