बाळाच्या श्वासनलिकेतली गर्दी

आरएसव्ही हा विषाणू दोन वर्षांच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतो. बहुतेकांची सर्दीवर सुटका होते. काही तान्ह्या बाळांत मात्र तो सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंत उतरतो आणि ब्राँकिओलायटिस होतो. मग छातीत घरघर होते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, दूध पिताना बाळ दर दोन घोटांनी थांबते.

या नलिका मिलिमीटरहूनही अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाहाला होणारा अडथळा १६ पट वाढतो. मोठ्यांना जाणवणारही नाही एवढ्या सुजेने बाळाला धाप लागते ती यामुळे.

नलिका बुजतात त्या मेलेल्या अस्तरपेशींनी, कफाने आणि मदतीला धावलेल्या पांढऱ्या पेशींनी. निरोगी फुफ्फुसात पहारा मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींचा असतो. अस्तराला संसर्ग झाला की ते इंटरल्युकिन-८ हे संदेशवाहक प्रथिन सोडते आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. गंभीर आजारी बाळांच्या श्वासनलिका धुऊन काढलेल्या द्रवात चारपैकी तीन पेशी न्यूट्रोफिलच्या असतात. मरताना न्यूट्रोफिल आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो. ही करामत २००४ मध्ये बर्लिनमधील संशोधकांनी दाखवून दिली. जाळ्यात जंतू अडकतात, पण त्याच धाग्यांनी कफही चिकट होतो.

म्हणून सारे खापर अतिउत्साही प्रतिकारशक्तीवर फोडले जाते. ते पुरते खरे नाही. तसे असते, तर दाह कमी करणारी स्टेरॉइड्स इथे गुणकारी ठरली असती. ती ठरत नाहीत. दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसांत विषाणू मुबलक सापडला, विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी-पेशी मात्र फारच थोड्या. गर्दी होती, पण हव्या त्या पेशींची नव्हती.

प्रतिकारशक्तीला चुकीचे वळण लागले तर काय होते, हे १९६६च्या सुमारास अमेरिकेत दिसले. फॉर्मॅलिनने निष्प्रभ केलेल्या विषाणूची लस घेतलेल्या ज्या २० बाळांना पुढे संसर्ग झाला, त्यांतल्या १६ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, दोन दगावली. लस न मिळालेल्या २१ संसर्गित बाळांत ती वेळ एकावरच आली. त्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटत, पण त्याला रोखत नसत. पेशीत शिरण्यापूर्वीचा विषाणूच्या एफ-प्रथिनाचा आकार २०१३ मध्ये उलगडला, तेव्हा नेमका नेम कुठे धरायचा ते कळले.

त्याच आकारावर बेतलेली गर्भवतींची लस आणि बाळाला टोचायचे प्रतिपिंड अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. दोन्हींचे काम एकच: न्यूट्रोफिलना हाक जाण्याआधीच विषाणूला अडवणे.