नेम किती अंतरावर बांधावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जालना जिल्ह्यात गोदाकाठच्या अंबड, घनसावंगी भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग ऊस आला. डोक्याच्या वर गेलेल्या उसात दिवसासुद्धा चार हातांपलीकडचं दिसत नाही. रात्रीच्या विजेवर दारं धरायला निघालेल्या माणसाला बांधावर बिबट्याचा ठसा दिसला की गावात चर्चा सुरू होते. त्या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एक चांगला बंदूकवाला बोलवा, लांबूनच उडवील.’ आज या ‘लांबूनच’ या शब्दाविषयी बोलायचं आहे.

आधी कायद्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री झाली, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नमूद करून लेखी आदेश देऊ शकतात. असा प्रसंग आपल्या शेजारीच घडला. नोव्हेंबर-डिसेंबर २०२० मध्ये बीडच्या आष्टी आणि सोलापूरच्या करमाळा तालुक्यांत बिबट्याने अनेकांचे बळी घेतले. अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यातल्या केळीच्या बागेत त्याला गोळी घालण्यात आली. केळीची बाग म्हणजे नजर जेमतेम काही सरींपर्यंत पोचणार. मग अशा कामासाठी रायफलचा नेम किती अंतरावर बांधलेला असावा?

नेम बांधणं, म्हणजे नेमबाजांच्या भाषेत रायफल ‘झिरो’ करणं. पुष्कळांना वाटतं, गोळी सुतासारखी सरळ जाते. ती तशी जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. पाइपने लांबच्या रोपाला पाणी घालताना आपण धार थोडी वर धरतो, तसंच इथे करावं लागतं. दुर्बीण नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर बसवलेली असते आणि नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेलं असतं. त्यामुळे गोळी खालून निघते, नजरेची रेषा एकदा ओलांडून वर जाते, मग कमान करून पुन्हा त्या रेषेवर उतरते. ती जिथे दुसऱ्यांदा रेषेला मिळते, ते अंतर म्हणजे रायफलचा झिरो.

एक सोपा हिशेब करू. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आणि दुर्बीण नळीच्या चार सेंटिमीटर वर आहे असं धरा. हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवू. अशी गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे दोन सेंटिमीटर पडते, १०० मीटरला पावणेआठ आणि २०० मीटरला तीस सेंटिमीटरच्या वर. अंतर दुप्पट झालं की पडणं चौपट होतं.

आता एकाने ही रायफल २०० मीटरवर झिरो केली. २०० मीटरला गोळी बरोबर मध्यावर लागेल. पण १०० मीटरवर ती नेमापेक्षा साडेपाच सेंटिमीटर वर जाईल. दुसऱ्याने तीच रायफल १०० मीटरवर झिरो केली. त्याची गोळी दहा मीटरपासून सव्वाशे मीटरपर्यंत कुठेही नेमापासून तीनएक सेंटिमीटरपेक्षा जास्त ढळत नाही. मात्र २०० मीटरवर ती अकरा सेंटिमीटर खाली लागते. हवेचा अडथळा धरला तर आणखी खाली.

साडेपाच सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण बिबट्याची काळीज-फुफ्फुसाची जागा चहाच्या बशीएवढी धरून चला. मध्यापासून कडेपर्यंत सात सेंटिमीटर. त्यातले साडेपाच झिरोनेच खाल्ले, तर माणसाच्या हाताला उरला दीड सेंटिमीटर. रात्र आहे, बॅटरीचा उजेड हलतो आहे, मागे गाव गोळा झालं आहे, छाती धडधडते आहे. त्या हाताला दीड सेंटिमीटर पुरत नाही.

म्हणून झिरोचं अंतर रायफलच्या ताकदीवरून ठरवू नये, जनावर जिथे समोर येणार त्या जागेवरून ठरवावं. मोकळ्या माळरानावर किंवा डोंगरउतारावर लांबचा झिरो शोभतो. ऊस, केळी आणि मोसंबीच्या मुलखात बिबट्या वीस, चाळीस, फार तर ऐंशी मीटरवर दिसणार. तिथे १०० मीटरचा झिरो पुरेसा आणि शहाणपणाचा.

अंतर ठरलं तरी काम संपत नाही. झिरो करताना रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी आणि जे काडतूस प्रत्यक्ष वापरायचं तेच वापरावं, कारण काडतूस बदललं की गोळीची कमानही बदलते. एका गोळीवरून दुर्बिणीचा स्क्रू फिरवू नये. तीन गोळ्या झाडाव्यात आणि त्यांचा मध्य पाहावा. मग २५ आणि ५० मीटरवरही झाडून गोळी कुठे लागते ते टिपून ठेवावं. जीपमध्ये धक्के खाल्लेली दुर्बीण पुन्हा तपासल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

हे सगळं कशासाठी, तर जखमी जनावर मागे राहू नये म्हणून. कुमाऊँमधली चंपावतची वाघीण ४३६ माणसांच्या मृत्यूला कारणीभूत झाली असं मानतात. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये तिला मारलं, तेव्हा तिचे उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. ती जुन्या गोळीची इजा होती. नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. एका चुकलेल्या गोळीची किंमत कुठल्या घरांनी मोजली, ते त्या गोळी झाडणाऱ्याला कधी कळलंही नसेल. म्हणून झिरोच्या पलीकडे जनावर दिसलं, तर चाप न ओढणं हाही नेमबाजीचाच भाग आहे.

वन विभागाच्या हातात बहुतेक वेळा रायफल नसतेच. असते ती बेशुद्ध करणारी डार्ट गन. तिथे अंतराचा प्रश्न आणखी नाजूक होतो. औषधाची सुई जड आणि संथ असते, म्हणून अंतर मोजून वायूचा दाब ठरवावा लागतो. दाब कमी पडला तर सुई पोचत नाही. जवळून जास्त दाबाने मारली तर तीच सुई जनावराला इजा करते. गर्दी पुढे सरकली आणि बिबट्या बिथरून जागचा हलला, की मोजलेलं अंतर वाया जातं.

तेव्हा उद्या आपल्या शिवारात बिबट्या आला, तर मंडळी, आपल्यापुरता एक नियम पाळू. वन खात्याला कळवू, मुलाबाळांना घरात ठेवू, आणि जो माणूस हातात बंदूक घेऊन अंतर मोजतो आहे, त्याच्यापासून आपण स्वतः भरपूर अंतरावर राहू.