बोट लागत असेल तर हिमनदीला जावं का?

आमच्या गटातल्या एका ताईंना अमेरिकेतला लेक अलास्काला नेतोय. तिथल्या सिवर्ड बंदरातून बोटी सुटतात. कुठली घ्यावी, ते आम्ही मिळून पाहिलं. अर्ध्या दिवसाची बोट खाडीतच फिरते. समुद्री ऊदमांजरं, पफिन पक्षी, नशीब असेल तर देवमासा दिसतो. पण जिथे बर्फाचे कडे समुद्रात ढासळतात, त्या हिमनदीपर्यंत ती जात नाही. त्यासाठी सहा तासांची बोट, नि वाटेत उघडा समुद्र. ताईंना तर एसटीसुद्धा लागते! गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. जुलैतही स्वेटर, कानटोपी हवीच. ताई लांबच्याच बोटीला तयार आहेत. मात्र लेकाचे पैसे वाया जातील म्हणून त्रास लपवू नका, बुकिंगआधीच त्याला सांगा, असं आम्ही बजावलंय.